लोखंडाची कुंडली

दाराची मूठ. एक. क्रोमचा मुलामा निम्मा उडालेला, आतली स्प्रिंग सैल. किंमत एक लाख चाळीस हजार रुपये, आणि खाली बारीक अक्षरात सूचना: "मुठीवरचे ओरखडे मूळ आहेत, कृपया पॉलिश करू नये."

मी मोबाइल टेबलावर पालथा टाकला. अशा मुठी आमच्या उद्यमनगरातले भंगारवाले एकेकाळी किलोवर विकायचे आणि वर चहा पाजायचे. आता २०४३ साल उजाडलंय आणि मुठीसाठी माणसाने घर गहाण टाकायचं बाकी राहिलंय. चिडायचं तरी कुणावर? मुठीवर?

मी दिनकर लोहार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं ओतकामाचं आणि लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, मी सत्तरी आली तरी चालवतोय. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की लेथवर चढवून मापात आणायचं. जुन्या फियाटचे भाग बाजारातून गायब झाले तेव्हापासून सातारा, सांगली, पार नाशिकपर्यंतची माणसं आमच्याकडे यायची. ब्रेकचा ड्रम फुटला, चला लोहारांकडे. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड तडकला, चला लोहारांकडे. त्या गाड्या साठ-सत्तर वर्षं रस्त्यावर टिकल्या त्या आमच्यासारख्यांच्या हातांमुळे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, संतापाने सांगतोय. कारण आमच्या हातच्या कामाला आता सरकारी कागदावर एकच शब्द आहे: नकली.

हे सगळं त्या यंत्राने केलं. त्याचं कागदोपत्री नाव 'धातुवयमापक'. लोक त्याला कुंडली म्हणतात, कारण ते लोखंडाच्या तुकड्याचं जन्मसाल सांगतं. दिसायला न्हाव्याच्या दुकानातल्या केस वाळवायच्या यंत्राएवढं. गाडीच्या भागावर टेकवायचं, सगळ्यांनी दहा फूट लांब उभं राहायचं, चाळीस सेकंदांनी 'टिंग' वाजतं आणि पडद्यावर आकडा येतो. १९६७. १९९१. २०१४.

माझी मुलगी शर्वरी धातुशास्त्र शिकली आणि वारसा वाहन प्राधिकरणात तपासनीस झाली. हे यंत्र चालवायचं शिक्षण मिळालेल्या पहिल्या तुकडीत ती होती. सहा वर्षांपूर्वी तिने मला ते समजावून सांगितलं तेव्हा मी कौतुकाने ऐकत होतो, मूर्खासारखा.

"आबा, खनिजापासून लोखंड करताना भट्टीत किती हवा फुंकतात?"

"टनाला टनभर. जास्तच."

"मग लोखंड जन्मताना त्या हवेत असंल ते सगळं पोटात घेतंय. १९४५ पासनं अणुबाँबच्या चाचण्या झाल्या. हवेत किरणोत्सारी कण पसरले. दर वर्षी त्यांचं प्रमाण वेगळं. एका साली वाढलं, चाचण्या थांबल्यावर उतरलं, आणि त्यातला प्रत्येक कण आपापल्या गतीनं विझत जातोय. कुठला कण किती उरलाय ते मोजलं की कुठल्या साली लोखंडानं श्वास घेतला ते कळतंय."

"आणि ते न कापता मोजता येतंय?"

"न्यूट्रॉनचा झोत सोडायचा. आतले अणू उलट उत्तर देत्यात. शिवाय खनिज कुठल्या खाणीतलं, त्यात आर्सेनिक किती, कथील किती, हेपण कळतंय. दोन्ही जुळलं की साल पक्कं."

यंत्र आलं आणि मागोमाग कायदा. पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावरून बाद, फक्त वारसा परवाना असलेल्या चालतील. परवाना कुणाला? ज्या गाडीतलं पंचाहत्तर टक्के लोखंड तिच्या जन्मसालाच्या आगेमागे तीन वर्षांतलं असेल, तिला. बाकीच्या गाड्या येत्या एकतीस मार्चला दाबयंत्रात. आणि यंत्राचा शब्द अखेरचा, त्यावर अपील नाही.

झालं. जुन्या भागांच्या किमतींना पंख फुटले. लोक चांगल्या चालत्या गाड्या मोडून तुकडे विकू लागले, कारण अख्ख्या गाडीपेक्षा तुकडे दसपट महाग. ज्यांच्याकडे पैसा, त्यांच्या गाड्या काचेच्या खोलीत थंड हवेत उभ्या, आणि ज्यांना गाडी चालवायची हौस त्यांच्याकडे नुसता सांगाडा. गाड्या वाचवायचा कायदा म्हणे.

माझी स्वतःची फियाट १९६८ची. १९९९ साली मी ती एका कारखान्याच्या आवारातून उचलली तेव्हा तिच्यात कुत्री व्याली होती. नऊ वर्षं, दर सुट्टीच्या दिवशी, मी ती उभी केली. शर्वरी जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणली ती याच गाडीतून, आणि बारा वर्षांपूर्वी तिच्या आईला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही याच गाडीतून. मला ती विकायची नाही, काचेत ठेवायची नाही. सकाळी तिच्यातून रंकाळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच मागणं. पण तिच्यातले चारही ड्रम माझे, मॅनिफोल्ड माझा, पाण्याच्या पंपाची बॉडी माझी, पुढच्या चाकांचे किंगपिन माझे. पन्नास टक्के आले तरी नशीब, असा माझा हिशेब होता.

म्हणून मी एक गाढवपणा केला. मुंबईच्या एका दलालाकडून सीलबंद खोक्यातलं इंजिनाचं फ्लायव्हील घेतलं. कंपनीचं अस्सल. तीन लाख दहा हजार मोजले. शर्वरीने यंत्र टेकवलं. टिंग. १९८५.

"अस्सल आहे, आबा. पण तुमच्या गाडीचं न्हाई. हे बसवलासा तर टक्के अजून कमी हुतील."

"कंपनीचं आहे म्हणतीस आणि चालत न्हाई म्हणतीस?"

"अडुसष्टच्या गाडीला पंच्याऐंशीचं लोखंड चालत न्हाई. नियम आहे."

मी फ्लायव्हील खोक्यात घातलं आणि खोक्याला लाथ मारली. पाय महिनाभर दुखत होता.

आता खरी गोष्ट. गेल्या दिवाळीत मला एका लिलावाची पुस्तिका मिळाली. गुळगुळीत कागद, मधोमध एका मॅनिफोल्डचा पानभर फोटो. अकरा लाखांना गेलेला. खाली लिहिलं होतं: "१९६७. कारखान्याच्या सुरुवातीच्या काळातील ओतकामाचा दुर्मीळ नमुना. कडेचे तीन ठिपके ही बहुधा तपासणी विभागाची खूण. असा हात आज उरलेला नाही."

मी चष्मा पुसला. फोटो डोळ्यांजवळ नेला. कडेला तीन ठिपके, दोन वर, एक खाली.

ते ठिपके माझे. आमच्या प्रत्येक भागावर मी टोकदार पंचाने ते ठोकतो, वडीलही ठोकायचे. तो मॅनिफोल्ड मी २०१२ साली साताऱ्याच्या एका डॉक्टरांसाठी ओतला होता. ज्या हाताबद्दल लिहिलं होतं की उरलेला नाही, त्याच हातात ती पुस्तिका होती!

मग यंत्र १९६७ कसं म्हणतं? मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी भट्टीपाशी उभा असताना मला उमगलं.

आमच्या वडिलांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक फुटका भाग घेऊन यायचं, तेव्हा त्याच्या मनात एकच शंका: हा लोहार माझं चांगलं लोखंड ठेवून घेईल आणि भंगार ओतून देईल. म्हणून वडील तो तुकडा गिऱ्हाइकासमोर वजन करून डब्यात ठेवायचे, डब्यावर गाडीचा नंबर, आणि नवा भाग ओतताना तेच लोखंड वापरायचे. थोडं कमी पडलं तर त्याच सालच्या दुसऱ्या मेलेल्या फियाटचं. गाडीचं लोखंड गाडीलाच. मीही तेच केलं, जन्मभर. आणि आमची मूस, म्हणजे लोखंड वितळवायचं भांडं, झाकणाची. कोळसा बाहेर जळतो, लोखंड आत झाकणाखाली वितळतं. त्याच्यातून हवा फुंकली जात नाही. म्हणजे त्याने नवा श्वास घेतलाच नाही! पोटात तोच १९६७चा श्वास. यंत्र लोखंडाचं जन्मसाल सांगतं, वस्तूचं नाही. जगभर फुटके भाग मोठ्या भट्टीत शंभर जातींच्या भंगारात जातात, त्यामुळे कुणाच्या डोक्यात हा घोळ आला नाही. एका गाडीचं लोखंड जपून परत तिलाच ओतायचा उपद्व्याप आमच्याशिवाय कोण करणार?

म्हणजे माझी गाडी पास होणार होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला, अर्धा दिवस. मग ते वाक्य डोक्यात घुमायला लागलं. असा हात आज उरलेला नाही.

मी लिलाववाल्यांना पत्र लिहिलं. सरळ लिहिलं की हा मॅनिफोल्ड माझा, या साली, या माणसासाठी केला, माहिती दुरुस्त करावी. त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं: यंत्राने १९६७ सांगितलं आहे, आपण खोटा दावा केल्यास कारवाई होईल. म्हणजे माझं काम नकली म्हणूनही माझं नाही आणि अस्सल म्हणूनही माझं नाही. भिंतीवर डोकं आपटावं असं वाटत होतं.

शर्वरी आली तेव्हा मी तिच्यापुढे पुस्तिका टाकली. तिने ती उघडलीसुद्धा नाही.

"आबा, हा विषय काढू नका."

"का? तुझ्या यंत्राचं नाक कापलं जाईल म्हणून?"

"काढू नका म्हणतो न्हवं." आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल मुलग्यासारखं बोलतात, आणि चिडल्या की जास्तच.

"चाळीस वर्षं राबलोय मी! माझ्या पोरीलाच माझ्यापरीस ते टिंगटिंग खरं वाटतंय?"

ती उठून गेली. दोन महिने आमचं बोलणं 'जेवलासा का' आणि 'व्हय' एवढ्यावर आलं. दूरदूरची माणसं माझ्या ड्रमच्या भरवशावर घाट उतरली, आणि पोटची पोर एक शब्द बोलेना.

मग मी ठरवलं. माझ्या गाडीची तपासणी बारा मार्चला होती. घरची गाडी शर्वरीला तपासता येत नाही, म्हणून पुण्याहून दुसरा तपासनीस येणार होता. मी अडुसष्ट सालचा फुटका ड्रम वितळवून ठेवीन, त्याच्या डोळ्यांसमोर नवा ओतीन आणि त्याच्याच यंत्राने मोजायला लावीन. यंत्र म्हणणार १९६८. मग बघू कोण कुणाला खोटं म्हणतो. गाडीचं काय होईल, याचा विचार मी केला नव्हता. खरं सांगायचं तर केला होता आणि बाजूला ठेवला होता.

बारा तारखेला सकाळी सातला भट्टी पेटवली. साडेनऊला लोखंड पाणी झालं, आणि शर्वरी धावतच आत आली.

"भट्टी कशाला पेटवलीसा?"

"कळंल."

"मला कळलंय. म्हणून आलो मी." तिने वर्कशॉपचं दार आतून लावलं, मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. "बघा."

फोटो होता. ब्रेकचा ड्रम, आतल्या कडेला तीन ठिपके. तिने बोट फिरवलं. किंगपिन, तीन ठिपके. पंपाची बॉडी, तीन ठिपके. खाली प्रत्येकाच्या तारीख, गाव, गाडीचा नंबर. सातारा. कराड. बारामती. नाशिक.

"एकोणीस गाड्या, आबा. सदतीस भाग. पहिला साताऱ्यात दिसला, चार वर्षांमागं. यंत्रानं सदुसष्ट सांगितलं आणि मी हात लावून बघितलं तर तुमचे ठिपके. लहानपणी पंच धरायला मलाच बसवायचासा की. वळखणार न्हाई व्हय मी?"

"मग तू काय लिहिलंस?"

"मूळ. यंत्र म्हणलं तेच लिहिलं. पण मला ठावं होतं, आणि मी गप बसलो. एकोणीस वेळा."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमच्या पोटात काय ऱ्हातंय का? दुसऱ्या दिवशी सगळ्या उद्यमनगराला कळलं असतं." तिने भट्टीकडे बोट दाखवलं. "आता तुम्ही त्याच्यासमोर ओतून दाखवा. यंत्राला जुन्या लोखंडाचा नवा भाग ओळखता येत न्हाई हे कळलं की काय करतील ठावं हाय? प्रत्येक गाडीच्या प्रत्येक भागाची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. त्यात नव्यानं ओतलेलं लपत न्हाई. तुमची गाडी गेली. त्या एकोणीस गेल्या. साताऱ्याचे डॉक्टर, ते नाशिकचे मास्तर, सगळी दाबयंत्रात. आणि हे सगळे अहवाल कुणाच्या सहीचे? एका लोहाराच्या पोरीच्या. कोण म्हणंल की तिला ठावं नव्हतं?"

मुसेतलं लोखंड लालभडक होऊन उकळत होतं. मला राग आलेला होता, पण तो आता कुठे ठेवायचा कळेना. चार वर्षं ही पोर गावोगाव फिरून गाड्यांखाली घुसत होती, टॉर्च मारून माझे ठिपके शोधत होती, फोटो काढत होती. आणि मी तिला टिंगटिंगवाली म्हणत होतो.

"फोटो कशाला काढलेस मग?" मी विचारलं. "हे तुलाच गोत्यात आणतील."

"कुणीतरी यादी ठेवाय पायजे की," ती म्हणाली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि तिने दार उघडलं.

तपासनिसाचं नाव अद्वैत गुजर. तिशीचा, सभ्य, बूट चकचकीत. "नमस्कार काका. मॅडमचे वडील ना? मॅडमचं काम फार चोख असतं." त्याने एप्रन चढवला, आम्हाला दहा फूट मागे केलं आणि सुरू केलं. टिंग. टिंग. टिंग. त्याच्या मागे भट्टी धगधगत होती.

"काका, हे काय चाललंय?"

वितळलेलं लोखंड वाट बघत नाही. गार झालं की मूसही जाते आणि मेहनतही. मी सांडशी उचलली, शर्वरीने न सांगता दुसरी बाजू धरली आणि आम्ही दोघांनी ते साच्यात ओतलं. साच्यातून निळी ज्योत निघाली.

"हौस आहे," मी म्हणालो. "काहीतरी ओतत असतो."

"छान. म्हातारपणी छंद हवाच." तो पुढच्या चाकापाशी वाकला, ड्रमवरून बोट फिरवलं आणि मला हाक मारली. "काका, इकडे या. हे बघा. भिंत सगळीकडे एका जाडीची. कुठे बुडबुडा नाही, भोक नाही. पंचाहत्तर वर्षं झाली. तुम्हीही थोडंफार ओतता म्हणून सांगतो, राग मानू नका, असं आता कुणाला जमत नाही."

तो ड्रम मी २०१९च्या पावसाळ्यात ओतला होता. पहिला फसला, दुसरा फसला, तिसरा जमला. माझ्या जिभेवर सगळं आलं. तारीख, मातीचं प्रमाण, फसलेले दोन्ही. शर्वरी माझ्याकडे बघत नव्हती. ती साच्यावरची वाळू उगाचच थापटत होती.

"नाही," मी म्हणालो. "आता नाही जमत कुणाला."

हे चार-पाच शब्द बोलायला मला जेवढा जोर लागला तेवढा उभ्या आयुष्यात घण मारायला लागला नसेल.

एकूण अठ्ठ्याऐंशी टक्के आले. गुजर खूश झाला, माझ्यापेक्षा जास्त. त्याने पिशवीतून कागद काढला, बॉनेटवर ठेवला आणि पेन दिलं. परवाना मिळाला होता. फक्त मालकाचं प्रतिज्ञापत्र बाकी होतं. मी चष्मा लावला आणि वाचलं.

"मी प्रतिज्ञापूर्वक लिहून देतो की, सदर वाहनात मी अथवा अन्य कोणीही हाताने बनवलेला कोणताही ओतीव लोखंडी भाग माझ्या माहितीनुसार बसवलेला नाही."

मी ते दोनदा वाचलं. नऊ वर्षांच्या सुट्ट्या. वडिलांचे डबे, त्यांच्यावरचे नंबर. घाट उतरलेली माणसं. असला कागद लिहिणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं, पण तो कुठेतरी मुंबईत एसीत बसला असणार.

"कुठं करू सही?"

"इथे, काका. पूर्ण नाव."

मी लिहिलं, दिनकर रामचंद्र लोहार. पेन लगेच परत दिलं नाही. नावाच्या पुढे ते तीनदा कागदावर टेकवलं, दोन वर, एक खाली, जरा दाबून.

"पेन अडकतंय का?" गुजरने विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "चालतंय का बघितलं."

त्याने कागदावर शिक्का मारला आणि शर्वरीकडे दिला, साक्षीदाराच्या सहीसाठी. तिने तो हातात घेतला, बराच वेळ वाचला. मग मोबाइल काढून त्याचा एक फोटो काढला.

"रेकॉर्डला," ती गुजरला म्हणाली, आणि खाली सही केली.